हॉकीच्या मैदानावरील रंग

क्वालालंपूरच्या मर्डेका मैदानावर १५ मार्च १९७५ रोजी विश्वचषक हॉकीचा अंतिम सामना भारत आणि पाकिस्तान यांच्यात झाला. भारताने तो २-१ असा जिंकला, आणि विजयाचा गोल अशोककुमार यांच्या नावावर लागला. दूरचित्रवाणी त्या काळी मोजक्या शहरांपुरतीच होती. देशाने तो सामना पाहिला नाही, ऐकला. जसदेव सिंग यांच्या धावत्या समालोचनाकडे कान लावून बसलेल्या श्रोत्याला ना मैदान दिसत होते, ना खेळाडू, ना त्यांच्या अंगावरचे कपडे. तरीही त्याच्या मनश्चक्षूंपुढे काही निळे आणि काही हिरवे ठिपके धावत होते, आणि निळे ते आपले, हिरवे ते पलीकडचे, याविषयी त्याला तिळमात्र शंका नव्हती. डोळ्यांनी न पाहताही जो रंग मनात उमटतो, त्याला संघाचा रंग म्हणावे. बाकीचे रंग केवळ कापडाचे.

हा भेद कोठे स्पष्ट कळत असेल तर तो जबलपूरच्या सदरमध्ये. मराठी माणसाला ‘सदर’ म्हटले की वाड्यातली बैठकीची, कारभाराची जागा आठवते. येथे मात्र सदर म्हणजे छावणीतली पेठ. ब्रिटिशांनी जेथे जेथे लष्करी तळ वसवला तेथे तेथे पलटणींच्या गरजा पुरवणारा एक मुख्य बाजार उभा राहिला आणि त्याला सदर बाजार हे नाव पडले. जबलपूरचा सदर त्याच कुळातला. छावणी आली की कवायतीचे मैदान आले, आणि कवायतीचे मैदान आले की संध्याकाळी त्यावर हॉकी आली. हिंदुस्थानात हा खेळ रुजला तो विशेषेकरून छावण्यांच्या आणि रेल्वेच्या वसाहतींच्या आश्रयाने. जबलपुरास दोन्ही लाभल्या. १९२८ साली ॲम्स्टरडॅमच्या ऑलिंपिकसाठी संघ निवडताना कलकत्त्यास पाच प्रांतांचे सामने घेण्यात आले, त्यांत सेंट्रल प्रॉव्हिन्सेसचा संघ होता, आणि त्या प्रांताचे रेक्स नॉरिस व मायकेल रॉक हे दोघे सुवर्णपदक घेऊन परतले. अशोककुमारांचे चुलते आणि ध्यानचंदांचे धाकटे बंधू रूपसिंग यांचा तर जन्मच जबलपूरचा, ८ सप्टेंबर १९०८ चा. १९३२ मध्ये लॉस एंजेलिसला अमेरिकेविरुद्धचा सामना भारताने २४-१ असा जिंकला, त्यांतले दहा गोल एकट्या रूपसिंगांचे होते.

अशा गावातला हॉकीचा रसिक खेळाडूंच्या कपड्यांकडे कोणत्या नजरेने पाहतो, हे समजून घेण्यासारखे आहे. वरवर पाहता विषय क्षुल्लक वाटेल. चेंडू गोलात गेल्याशी मतलब. सदरा निळा की पिवळा याची उठाठेव कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु सदरमधल्या एखाद्या मोकळ्या जागेवर मुलांचा खेळ सुरू होतो तेव्हा पहिली अडचण येते ती हीच. काठ्या असतात, चेंडू असतो, दोन विटा ठेवून गोलही होतो. मात्र आपला कोण आणि परका कोण हे धावता धावता कळत नाही. मग एक बाजू सदरे काढून कडेला ठेवते आणि उघड्या अंगाने खेळते. गणवेशाचा जन्म या निकडीतून झाला आहे. ज्याच्याजवळ चेंडू असतो त्याची मान खाली असते. मान वर करून पाहण्यास त्याला क्षणभराचा अवकाश मिळतो, आणि तेवढ्यात डोळ्यांच्या कडेला जो रंग दिसेल त्यावर भरवसा ठेवून त्याला चेंडू द्यावा लागतो. चेहरा ओळखायला वेळ नसतो.

आंतरराष्ट्रीय नियमांचा रोख हाच आहे. एका संघाच्या सर्व खेळाडूंचा पोशाख सारखा असला पाहिजे, आणि गोलरक्षकाचा सदरा दोन्ही संघांहून निराळ्या रंगाचा असला पाहिजे. यामागचा हेतू सौंदर्याचा नाही. पंचाची नजर गर्दीतही चुकू नये, एवढाच आहे.

छावणीच्या गावात रंगाचा आणखी एक अर्थ जन्मजात कळतो. जबलपुरात ग्रेनेडिअर्सचे केंद्र आहे, जम्मू-काश्मीर रायफल्सचे केंद्र आहे, सिग्नल्सचे प्रशिक्षण केंद्र आहे. पलटणीच्या माणसाला आपला रंग आणि आपले चिन्ह प्राणाहून प्रिय असते. ग्रेनेडिअर टोपीवर पांढरा तुरा लावतो. सिग्नल्सच्या चिन्हावर ब्रिटिश अमदानीत रोमन देवांचा पंखधारी दूत मर्क्युरी येऊन बसला, कारण निरोप पोचवणे हेच त्या दलाचे काम. रायफल पलटणींचा गडद हिरवा रंग तर मुळात लपण्यासाठी निवडलेला: लाल डगल्यातली रांगेने उभी राहणारी फौज दुरून दिसे, म्हणून झाडाझुडपांच्या आडून नेम धरणाऱ्या बंदूकधाऱ्यांना १८०० च्या सुमारास हिरवा गणवेश देण्यात आला. पुढे तोच लपण्याचा रंग मानाचा झाला. मैदानावरची गरज नेमकी उलटी असते. तेथे लपायचे नसते, दिसायचे असते. तथापि दोन्हीकडे एक गोष्ट सारखी आहे. रंग आधी कामासाठी येतो, पुष्कळ वर्षे टिकतो, आणि टिकल्यामुळेच त्याला अभिमान चिकटतो. अभिमान आधी ठरवून रंग मागाहून शिवता येत नाही.

भारताच्या निळ्या रंगाची कथा याच प्रकारची आहे. १९३६ मध्ये बर्लिनच्या उद्घाटनसोहळ्यात हिंदी पथक फिकट निळे फेटे बांधून चालले, पण त्याच्यापुढे ध्वज होता तो ब्रिटिश सत्तेचा, स्टार ऑफ इंडियाचे चिन्ह असलेला. १५ ऑगस्टला जर्मनीशी अंतिम सामना होता, आणि सरावाच्या सामन्यात त्याच जर्मनांनी हिंदी संघाला हरवले असल्यामुळे खेळाडूंच्या मनावर दडपण होते. सामन्यापूर्वी कपडे बदलण्याच्या खोलीत पंकज गुप्ता यांनी काँग्रेसचा तिरंगा बाहेर काढला, खेळाडूंनी त्याला वंदन केले आणि मैदानात जाऊन ८-१ असा विजय मिळवला. जबलपूरचे रूपसिंग त्या खोलीत होते. जे चिन्ह छातीवर लावण्याची मुभा नव्हती ते त्यांनी दाराआड पाहिले. बारा वर्षांनी, १२ ऑगस्ट १९४८ रोजी, वेम्बलीच्या मैदानावर ग्रेट ब्रिटनचा ४-० असा पराभव झाल्यावर तोच तिरंगा, चरख्याच्या जागी अशोकचक्र घेऊन, उघड्यावर चढला. बोधचिन्ह म्हणजे निव्वळ शोभा असे मानणाऱ्याने या दोन दिवसांतले अंतर मनात मोजून पाहावे.

स्वातंत्र्यानंतर राष्ट्रीय संघाच्या सदऱ्यावर निराळ्याच गोष्टी आल्या. छातीची जागा अनेक वर्षे एका व्यापारी समूहाच्या नावाने व्यापली; आश्रयदात्याचे नाव मोठे आणि देशाचे लहान असा प्रकार प्रेक्षकाला सलत राहिला. फेब्रुवारी २०१८ पासून ती जागा ओडिशा राज्याने घेतली. एखाद्या राज्याने राष्ट्रीय संघाचे पालकत्व पत्करण्याचा हा भारतातला पहिलाच प्रसंग. सदरच्या प्रेक्षकाला विचारले तर त्याला हा बदल सुखावह वाटतो, कारण कंपनीच्या नावापेक्षा भूमीचे नाव वाचायला केव्हाही बरे. पण त्याच्या मनात एक बारीक हेवाही असतो. सुंदरगडच्या आदिवासी गावांतून खेळाडू देणारे ओडिशा जे करू शकले, ते रूपसिंगांना जन्म देणाऱ्या प्रदेशाला सुचले नाही.

निळ्या रंगापुढे मध्यंतरी एक चमत्कारिक संकट उभे राहिले. १९७६ मध्ये माँट्रिअल ऑलिंपिकपासून हॉकी गवतावरून कृत्रिम पृष्ठावर गेली, तरी त्या पृष्ठाचा रंग हिरवाच राही. २०१२ मध्ये लंडनला मैदानच निळे करण्यात आले, कडेची पट्टी गुलाबी, आणि चेंडू पांढऱ्याऐवजी पिवळा. हेतू दूरचित्रवाणीचा होता: निळ्यावर पिवळा चेंडू स्पष्ट उठून दिसतो. तो दिसतो हे खरेच. परंतु निळ्या जमिनीवर निळा सदरा मात्र विरघळून जातो. हिरवळीवर ज्या रंगाने दोन पिढ्या भारताला ओळखले, तो रंग जमिनीने गिळला. हिरव्या मैदानावर पाकिस्तानचा हिरवा सदरा कसा दिसत असेल याची कल्पना तेव्हा कित्येकांना प्रथमच आली असेल.

येथपर्यंत राष्ट्रांच्या संघांचा विचार झाला. राष्ट्राला ध्वज असतो, इतिहास असतो. त्याच्या संघाला रंग शोधत हिंडावे लागत नाही. हॉलंडने आपल्या राजघराण्याचा नारिंगी घेतला, ऑस्ट्रेलियाने आपल्या बाभळीच्या जातीच्या फुलांचा सोनेरी आणि पानांचा हिरवा. कधी चिन्ह नव्याने जन्मते तेही संकटातून. २००० साली सिडनीत अर्जेंटिनाच्या महिलांचा संघ बाहेर फेकला जाण्याच्या बेतात असताना त्यांनी सदऱ्यावर सिंहिणीचे चित्र लावले, रौप्यपदक मिळवले, आणि तेव्हापासून त्यांचा देश त्यांना ‘सिंहिणी’ याच नावाने ओळखतो. खरी कसोटी लागते ती व्यावसायिक संघांची. तेथे संघ विकत घेतला जातो, नाव ठरवले जाते, आणि प्रेक्षकाने त्यावर प्रेम करावे अशी अपेक्षा असते.

हे अशक्य आहे असे नाही. बर्फावरच्या हॉकीत उत्तर अमेरिकेने ते करून दाखवले आहे. तो खेळ निराळा, पायांत पात्यांचे बूट, चेंडूऐवजी रबराची चकती. पण संघाच्या पोशाखाविषयी तेथून शिकण्याजोगे पुष्कळ आहे. माँट्रिअलचा संघ १९०९ मध्ये स्थापन झाला. त्याच्या लाल सदऱ्यावर मोठ्या सी या अक्षराच्या पोटात एच हे अक्षर असते, आणि हे चिन्ह शंभराहून अधिक वर्षे जवळजवळ जसेच्या तसे चालत आले आहे. टोरांटोच्या संघाने १९२७ मध्ये हिरवा रंग टाकून निळा-पांढरा घेतला आणि छातीवर मॅपलचे पान लावले. पुढे पानाचे दात कमीजास्त झाले, पण पान गेले नाही. डेट्रॉइटच्या मालकाने १९३२ मध्ये चाकाला पंख जोडले. हे चिन्ह त्याने माँट्रिअलमधल्या आपल्या जुन्या संस्थेवरून उचलले होते, म्हणजे ते मूळचे उसनेच. पण डेट्रॉइट हे मोटारी बनवणारे शहर. तेथील कामगाराने ते चाक पाहिले आणि ते आपलेच मानले. रॉक कॅरिए या लेखकाची एक प्रसिद्ध कथा आहे, तिच्यातल्या माँट्रिअलवेड्या मुलाच्या वाट्याला चुकून टोरांटोचा निळा सदरा येतो. कॅनडातली मुले ती कथा पिढ्यान्‌पिढ्या वाचत आली आहेत, कारण त्या मुलाचे दुःख कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

आपल्याकडे असे दुःख कोणत्या मुलाला होईल?

प्रीमिअर हॉकी लीग २००५ मध्ये सुरू झाली आणि २००८ मध्ये संपली. २०१२ ची वर्ल्ड सीरिज हॉकी एकाच हंगामाची ठरली. हॉकी इंडिया लीग २०१३ ते २०१७ चालली, थांबली, आणि २८ डिसेंबर २०२४ रोजी पुन्हा सुरू झाली. प्रत्येक वेळी नवे संघ, नवी नावे, नवे सदरे. जबलपूरच्या मराठी घरातला प्रेक्षक या काळात कोणाचा म्हणवून घेणार होता? १९५६ पर्यंत त्याच्या प्रांताची राजधानी नागपूर होती. नव्या मध्य प्रदेशात राजधानी भोपाळास गेली, जबलपुरास उच्च न्यायालय आले, आणि तेव्हापासून भोपाळविषयी जबलपूरकराच्या मनात जी अढी आहे ती अजून पुरती गेलेली नाही. २०१२ मध्ये प्रदेशाचा संघ निघाला तो ‘भोपाळ बादशाह’ या नावाने. मराठी म्हणून पाहावे तर २००५ मध्ये ‘मराठा वॉरिअर्स’ होते, ज्यांच्याकडून खडकीचे धनराज पिल्ले खेळले. २०१२ मध्ये ‘मुंबई मरीन्स’ आणि ‘पुणे स्ट्रायकर्स’ होते. यांपैकी पुणेकरांनी अंतिम सामन्यापर्यंत धडक मारली आणि तेथे शेर-ए-पंजाबकडून हार पत्करली. वास्तविक पुण्याची खडकी ही जबलपूरच्या सदरसारखीच छावणीची वस्ती. दारूगोळ्याचा कारखाना, पलटणी, आणि गल्लीगल्लीत हॉकी. पण ‘स्ट्रायकर्स’ या नावात खडकीचा धुळीचा कणही नव्हता. ते नाव जगातल्या कोणत्याही शहराला चालले असते, आणि म्हणूनच ते कोणाचेच झाले नाही.

नावे ठेवणाऱ्यांना इंग्रजी आद्याक्षरांच्या जुळणीचे भारी वेड होते. रांचीचा आर म्हणून ‘ऱ्हायनो’, चंदीगडचा सी म्हणून ‘कॉमेट’, मुंबईचा एम म्हणून ‘मॅजिशिअन’. रांचीच्या रानात गेंडा कोठला? तो आसामात काझीरंग्याला. दिल्लीच्या संघाचे नाव होते ‘वेव्हरायडर्स’, म्हणजे लाटांवर स्वार होणारे. आणि दिल्लीपासून समुद्र शेकडो मैल दूर. ‘चेन्नई चीताज’चा चित्ता तर भारतातून १९५२ मध्ये नामशेष म्हणून जाहीर झालेला होता. सप्टेंबर २०२२ मध्ये तो परदेशातून आणून सोडला तो मध्य प्रदेशात, कुनोच्या जंगलात. तेव्हा त्या चिन्हावर हक्क सांगायचाच झाला तर तो आता या प्रदेशाने सांगावा!

संघ वाईट खेळले असे मुळीच नाही. रांचीने २०१३ मध्ये आणि दिल्लीने २०१४ मध्ये लीग जिंकली. पण जिंकलेला गेंडा २०१५ मध्ये नाहीसा होऊन त्याच्या जागी ‘रांची रेज’ आले, आणि मुंबईचे जादूगार जाऊन ‘दबंग मुंबई’ आली. एखाद्या मुलाने विजेत्या संघाचा सदरा हौसेने विकत घेतला असेल तर तो अंगाला आखूड होण्यापूर्वीच निरर्थक झाला. माँट्रिअल आणि रांची यांच्यात चित्रकाराच्या कौशल्याचा फरक नाही. सी आणि एच ही दोन अक्षरे एकमेकांत घालणे हे काही थोर चित्रकाराचे काम नव्हे. फरक आहे तो शंभर वर्षांचा. चिन्हाला हारजीतीतून जावे लागते, आजोबांनी ते नातवाला दाखवावे लागते. त्याआधी ते काढून टाकणे म्हणजे रोप लावून दर मोसमात उपटून पाहणे.

नव्या लीगमधली काही नावे पूर्वीपेक्षा बरी आहेत. ‘बंगाल टायगर्स’ला सुंदरबनाचा आधार आहे, आणि २०२५ च्या आरंभी त्यांनी विजेतेपदही मिळवले. ‘सूरमा’ हा पंजाबी माणसाच्या तोंडचा शब्द. ‘कलिंग लान्सर्स’ हे निम्मे इंग्रजी असले तरी पहिला शब्द वजनदार आहे आणि पुन्हा सुरू झालेल्या लीगमध्ये तेच नाव कायम ठेवले गेले, ही गोष्ट लहान नव्हे. उलट विशाखापट्टणमच्या संघाला ‘गोनासिका’ हे नाव देण्यात आले होते. गोनासिका हे तर ओडिशात बैतरणी नदीच्या उगमाचे ठिकाण. नाव सुरेख आहे, पण दुसऱ्याच्या घरचे.

मग जबलपूरला कधी काळी स्वतःचा संघ मिळालाच तर त्याच्या सदऱ्यावर काय असावे? सदरच्या रसिकमंडळींत या प्रश्नावर एकमत होणे कठीण. कोणी १९०४ साली उभारलेल्या गन कॅरेज फॅक्टरीची आठवण देऊन तोफेचे नाव काढील. पण तोफ पुष्कळ गावांत सापडते, आणि छातीवर तोफ लावून हरलेला संघ जरा हास्यास्पदच दिसतो. कोणी नर्मदा म्हणेल. नदी वंदनीय खरी, पण नदीचे चित्र काढताना कोणत्याही नदीच्या त्याच दोन वाकड्या रेषा उमटतात. उत्तम चिन्ह ते, जे मुलाला खडूच्या तुकड्याने भिंतीवर काढता येते आणि रस्त्याने जाणाऱ्याला ओळखता येते. पंख असलेले चाक या कसोटीला उतरते, मॅपलचे पान उतरते, सिंहिणीचा तपशीलवार जबडा उतरत नाही. जबलपुरात या कसोटीला उतरणारी एक वस्तू आहे. मदन महालाच्या टेकडीपाशी एका खडकावर दुसरा प्रचंड खडक अगदी थोड्या जागेवर टेकून उभा आहे. बोट लावले तर गडगडेल असे पाहणाऱ्याला वाटते. २२ मे १९९७ च्या पहाटे जबलपुरास भूकंपाचा मोठा धक्का बसला, घरे कोसळली, माणसे दगावली. तो खडक जागचा हलला नाही. दोन वाकड्या गोलाकार रेषा, एक खाली आणि एक वर, एवढ्यात ते चित्र पुरे होते. भारतात दुसऱ्या कोणत्या संघाने ते आपले म्हणून लावले तर जबलपूरचे पोर त्याला हसेल.

रंगाविषयी मतभेदाला जागा कमी. भेडाघाटच्या संगमरवराचा पांढरा घ्यावा, आणि खडकाचे चित्र त्यावर गडद काळ्यात उमटवावे. पांढरा हिरव्यावरही दिसतो आणि निळ्यावरही. मळतो लवकर, ही त्याची एकच खोड, पण कृत्रिम मैदानावर चिखल राहिलेलाच नाही. समोरचा संघही पांढरा असला तर दुसरा सदरा उलटा करावा, गडदावर पांढरा खडक. आणि गोलरक्षकासाठी तिसरा रंग शोधायला लांब जायला नको. स्नूकर हा रंगीत गोळ्यांचा खेळ १८७५ मध्ये जबलपूरच्याच छावणीत, पावसाळ्याला कंटाळलेल्या लष्करी अधिकाऱ्यांच्या टेबलावर जन्माला आला आहे. त्यातला पांढरा आणि काळा तेवढा सोडून गोलरक्षकाने हवा तो उचलावा.